धागा: उजनीच्या चिलापीत चीज भरून मुख्य जेवण करायचंय, कसं करू?

एकरुख
नमस्कार मंडळी. पुढच्या रविवारी नणंदेच्या सासरची माणसं जेवायला येणार आहेत. एकूण आठ माणसं, त्यात दोन ज्येष्ठ आणि दोन शाळकरी मुलं. आमच्याकडे पाहुणे म्हटलं की मटण ठरलेलंच. यावेळी मला मासा मुख्य ठेवायचा आहे आणि तोही पांढऱ्या मांसाचा, आत चीज भरलेला, ओव्हनमध्ये भाजलेला. मुलांना चीज आवडतं, पण काट्याची भीती वाटते.
पापलेट आठ माणसांना परवडायचं नाही. उजनी धरणातली चिलापी (तिलापिया) ताजी मिळते, ती चालेल का? चीज कुठलं घ्यावं? आणि सोबत भाकरी की पाव? घरी ओटीजी आहे. ज्यांनी खरंच केलंय त्यांनी सविस्तर सांगा, मी सगळं लिहून घेणार आहे.

पेठेतला
सोलापुरात पाहुण्यांना मटण नाही? नणंदबाईंना आधी कळवलंय ना ताई? :)

एकरुख
कळवलंय हो दादा. त्यांनीच "काहीतरी वेगळं कर" म्हणून सांगितलंय.

मालवणकर_जुळेसोलापूर
माझं मत आधीच सांगतो, राग मानू नका. माशात चीज घालू नये. ताज्या माशाची चव मुळात हलकी असते आणि चीज तिच्यावर बसलं की उरतं फक्त चीज. आमच्याकडे पापलेट भरतात ते ओलं खोबरं, कोथिंबीर, हिरवी मिरची, लसूण आणि चिंचेच्या वाटणाने. पारशी लोक पात्रानी मच्छी करतात, त्यातही हिरवी चटणी आणि केळीचं पान. शेकडो वर्षं हेच चालत आलंय, त्याला कारण आहे. इटलीतसुद्धा बहुतेक घरांत माशावर चीज घालत नाहीत.

ओटीजीवाली
@मालवणकर, इटलीचं खरं आहे, पण तेवढ्यावर निकाल लावू नका. ग्रीसमध्ये कोळंबी टोमॅटोत शिजवून वर फेटा चीज घालतात. फ्रेंच स्वयंपाकात सोल माशावर मोर्ने सॉस असतो, म्हणजे दूध-मैद्याच्या सॉसमध्ये चीज. पालकाच्या थरावर मासा आणि वर तोच सॉस, हा फ्लोरेंटाइन प्रकार तर जगभर हॉटेलांत मिळतो. हे सगळं चवीला सौम्य, पांढऱ्या माशाचंच असतं. बांगड्यात चीज कुणी भरत नाही. बांगडा तेलकट आणि उग्र, त्याला आंबट-तिखटच हवं.
चिलापी नेमकी दुसऱ्या टोकाला आहे. तिला स्वतःची चव कमी, म्हणून तिला भरण शोभतं.

मालवणकर_जुळेसोलापूर
चिलापीला चव कमी, हे मान्य. पापलेटात मात्र घालू नका, एवढी विनंती.

भीमाकाठ
एकरुखताई, आमचं घर भोयांचं, दोन पिढ्या उजनीवर मासेमारी. म्हणून माशाबद्दल मी सांगते, चीजबद्दल बाकीचे सांगतील.
भरायला चिलापीच घ्या. कारण काटा. रोहू, कटला, मृगळ यांच्या मांसात दोन टोकांचे बारीक काटे विखुरलेले असतात, ते कितीही सफाईनं कापलं तरी निघत नाहीत. रस्सा खाताना माणूस जिभेनं काढतो, पण चीजमध्ये चिकटलेला काटा लागत नाही आणि घशात जातो. मुलं जेवणार असतील तर रोहू-कटल्याचं नावच काढू नका. चिलापीला ते काटे नाहीत. कण्याच्या दोन्ही बाजूंचं मांस उतरवलं की तुकड्याच्या मधोमध, डोक्याकडच्या अर्ध्या भागात एक ओळ राहते. बोट फिरवलं की लागते. तिच्या दोन्ही बाजूंनी सुरी चालवून ती पट्टीच काढून टाकायची. मग दोन वर्षांच्या पोरालाही द्या.
मरळ मिळाली तर तीही उत्तम. मांस घट्ट, काटे कमी. पण ती महाग पडते आणि सांगून ठेवावी लागते.
किती घ्यायची तर चिलापीच्या वजनाचा साधारण एक तृतीयांशच बिनकाट्याचं मांस निघतं. सहा-सातशे ग्रॅमचा एक मासा घेतला तर शंभर-शंभर ग्रॅमचे दोन तुकडे मिळतात. आठ माणसांना सहा मासे, म्हणजे चार किलो धरा. लहान मासे स्वस्त दिसतात, पण त्यांत भरायला जागाच नसते. घेताना कल्ले उघडून बघायचे, लाल पाहिजेत. पोट दाबलं तर खड्डा राहायला नको. डोकी आणि कणे टाकू नका, पिशवीत मागून घ्या. त्याचा रस्सा होतो.

एकरुख
काय सुंदर सांगितलंत! चार किलो हा आकडा मला कुणीच सांगितला नव्हता. मी दोन किलो आणणार होते.

सातरस्ता
पण उजनीच्या माशाला मातीचा वास येतो ना? आमच्याकडे त्यामुळेच कुणी हात लावत नाही. आणि पुण्याकडचं सांडपाणी भीमेतून येतं ते वेगळंच.

भीमाकाठ
वास येतो, विशेषतः उन्हाळ्यात पाणी उतरून हिरवं पडतं तेव्हा. सगळ्या माशांना येत नाही.
सांडपाण्याचं म्हणाल तर त्याचा सगळ्यात जास्त राग आम्हालाच आहे, आमचं पोट त्या पाण्यावर आहे. ते वर पुण्यातच थांबलं पाहिजे, त्यावर एक वेगळा धागा काढा, मी येते.

ओपीडीनंतर
मातीच्या वासाचं कारण जिओस्मिन नावाचं रसायन. पाण्यातलं नील-हरित शेवाळ आणि काही जिवाणू ते तयार करतात, आणि ते माशाच्या चरबीत साठतं. आम्लात त्याचा जोर मोडतो. म्हणून लिंबू, व्हिनेगर किंवा चिंचेचं पाणी लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवणं हा शहाणपणाचा उपाय आहे. त्याहून जास्त ठेवू नका, मांस वरून पांढरं पडून भुसभुशीत होतं. कातडी आणि पोटाकडची चरबी काढली की आणखी फरक पडतो.

पूर्वभाग
आमच्या तेलुगू घरात हे आपोआपच होतं, कारण आमचा मासा चिंचेतच शिजतो. चेपल पुलुसू म्हणतात. मृग लागला की मासा खायचाच, ही तेलंगणातून आलेली रीत. आजोबा मागावर बसायचे आणि आजी सकाळीच मातीच्या भांड्यात पुलुसू करून ठेवायची, कारण तो मुरल्यावर चांगला लागतो. एकरुखताई, भीमाकाठताईंनी सांगितलेल्या डोक्या-कण्यांचा पुलुसू करा आणि भाताबरोबर द्या. भाजलेला मासा कोरडा असतो, ताटात काहीतरी पातळ लागतंच.

आजीचा_डबा
बाळांनो, एक विचारते. मासा आणि दूध एकत्र खाऊ नये असं आम्हाला लहानपणापासून सांगितलंय. अंगावर कोड उठतं म्हणतात. चीज म्हणजे दूधच की. ज्येष्ठ माणसं येणार आहेत, ती ताटावरून उठतील.

ओपीडीनंतर
आजी, तुमचा प्रश्न महत्त्वाचा आहे. मासा आणि दूध हा विरुद्ध आहार असल्याचं चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सांगितलेलं आहे, त्यामुळे ही समजूत कुणी हवेतून काढलेली नाही. पण कोड कशामुळे होतं हे आता बरंच कळलंय. शरीराची प्रतिकारशक्ती त्वचेला रंग देणाऱ्या स्वतःच्याच पेशींवर उलटते आणि तिथला रंग जातो. मासा-दुधामुळे ते होतं याला पुरावा नाही. जगात कितीतरी देशांत मासा दुधाच्या सॉसमध्ये रोज खातात. माशाची ॲलर्जी असेल किंवा दूध पचत नसेल तर गोष्ट वेगळी, मग त्या माणसाने तो पदार्थ टाळावा.

आजीचा_डबा
तू सांगतोस ते पटतंय रे. पण पाहुण्यांच्या मनात असेल तर त्यांना पटवायला ताटावर वाद घालायचा का?

ओटीजीवाली
आजींचं अगदी बरोबर. ताई, आधी फोन करून विचारा. ज्यांना नको असेल त्यांच्यासाठी दोन मासे मालवणकरांच्या वाटणाचे भरा. भाजण्याची पद्धत तीच, वेळ तीच, वेगळी मेहनत नाही.

मालवणकर_जुळेसोलापूर
चला, माझं वाटण धाग्यात टिकलं. :) लिहून घ्या: एक वाटी ओलं खोबरं, मोठी मूठ कोथिंबीर, पाच-सहा लसूण पाकळ्या, तीन मिरच्या, लिंबाएवढी चिंच कोळून, मीठ. पाणी जवळजवळ नकोच. वाटण हातात गोळा झालं पाहिजे.

कडकभाकरी
मी उशिरा आलो, पण हा माझा आवडता विषय आहे, म्हणून नीट लिहितो. चीज भरलेली चिलापी आमच्याकडे नेहमी होते.

माशाचं पहिलं सूत्र: पाणी काढा. मासा भरून बिघडतो तो पाण्यामुळे. माशाला पाणी सुटतं, पालकाला सुटतं, मोझरेला चीजला सुटतं, आणि शेवटी ट्रेमध्ये पांढरं पाणी आणि त्यात पोहणारा मासा. म्हणून तुकड्यांना लिंबू आणि मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवायचं, मग स्वच्छ कापडात गुंडाळून दाबून कोरडे करायचे. चादरी-टॉवेलच्या गावात कापडाला काय तोटा!

पालक एक मोठी जुडी. उकळत्या पाण्यात मिनिटभर, लगेच गार पाण्यात, मग मुठीत घेऊन पिळायचा. पिळला असं वाटलं की पुन्हा पिळायचा. बारीक चिरून चमचाभर तेलात भरपूर लसणाबरोबर परतून पूर्ण कोरडा करायचा.

आता चीज. इथे लोक मोझरेला आणतात आणि फसतात. मोझरेला पिझ्झावर ठीक आहे, तिथे वाफ वरून निघून जाते. माशाच्या आत ते पातळ होऊन वाहतं. मी दोन गोष्टी एकत्र करतो. एक, पनीर दीडशे ग्रॅम, किसून. पनीर आम्लाने फाडलेलं असल्यामुळे तापवलं तरी वितळत नाही, ते भरणाला अंग देतं. दुसरं, साधं प्रोसेस्ड चीज शंभर ग्रॅम, म्हणजे आपले नेहमीचे चार क्यूब, किसून. त्यात इमल्सिफायर क्षार असतात, त्यामुळे ते वितळतं पण तूप-पाणी वेगळं होत नाही. पनीर धरून ठेवतं, चीज चव देतं. मिरपूड, थोडं जायफळ, बारीक चिरलेली मिरची. मीठ घालू नका, चीजमध्ये असतंच. हे भरण सहा माशांना पुरतं.

गुंडाळी करू नका. परदेशी कृतींमध्ये सोल, फ्लाउंडर असे चपटे मासे असतात, त्यांचे तुकडे पातळ आणि लांब, ते छान गुंडाळतात. चिलापीचा तुकडा आखूड आणि मध्ये जाड, गुंडाळला की फाटतो. त्यापेक्षा एकाच माशाचे दोन तुकडे एकमेकांवर बसवा, मध्ये बोटभर भरण, कडा अर्धा इंच मोकळ्या. ते एकाच अंगाचे असल्यामुळे एकमेकांवर नेमके बसतात. दोऱ्याने दोन ठिकाणी बांधा.

आणि वरचं आवरण. ब्रेडचा चुरा विसरा. कडक भाकरी घ्या, ज्वारीची, हातानेच चुरा, अगदी पीठ करू नका. त्यात तेल, ठेचलेला लसूण, कोथिंबीर. माशाला वरून दही किंवा अंडं पुसटसं लावून हा चुरा दाबून बसवा. कडक भाकरीत पाणी नावालाही नसतं, म्हणून ती ओव्हनमध्ये लगेच खुसखुशीत होते आणि ब्रेडसारखी मऊ पडत नाही. हा आपल्या गावाचा पदार्थ आहे, त्याला चटणी-दह्यापुरता अडकवून ठेवू नये असं मला मनापासून वाटतं.

ओटीजी २०० अंशांवर दहा मिनिटं आधी तापवा. चार सेंटीमीटर जाडीला वीस मिनिटं. जाड भागात सुरीचं टोक दहा सेकंद धरून ओठाला लावा, चांगलं गरम लागलं आणि मांस पारदर्शक न राहता पापुद्रे सुटू लागले की झालं. थर्मामीटर असेल तर मधल्या भरणात ७४ अंश. बाहेर काढून पाच मिनिटं तसंच ठेवा, मगच दोरा काढा, म्हणजे चीज आत बसतं.

पेठेतला
कडक भाकरीचा चुरा माशावर! काय डोकं लावूलालाव ओ काका, लै भारी. वाचनखूण साठवली.

सातरस्ता
@कडकभाकरी, चुऱ्यात शेंगा चटणी मिसळली तर? सोलापूर म्हणजे शेंगा चटणी.

कडकभाकरी
चव जुळते, पण ओव्हनमध्ये नको. शेंगदाणा आधीच भाजलेला असतो आणि चटणीत लाल तिखट असतं, वीस मिनिटांत दोन्ही करपून कडू होतं. मासा बाहेर काढल्यावर वरून भुरभुरा.

मालवणकर_जुळेसोलापूर
चीज, शेंगा चटणी आणि मासा एकाच घासात? तिन्ही आपापल्या जागी चांगले आहेत. एकत्र जड होतील. ज्याला हवी त्याने बाजूला घ्यावी.

ओटीजीवाली
मला इथे मालवणकरांचं पटतं. चीजच्या जेवणात तिखटापेक्षा आंबट हवं. लिंबाची फोड, कच्च्या कांद्याची कोशिंबीर, डाळिंबाचे दाणे. सांगोल्याची डाळिंबं आपल्याच जिल्ह्यातली, वापरा की.

बसाप्रेमी
चिलापी साफ करायचा एवढा व्याप कशाला? दुकानात गोठवलेला बसा मिळतो, बिनकाट्याचा, पांढरा शुभ्र. मी त्यातच करते.

भीमाकाठ
बसा बहुतेक व्हिएतनामहून येतो. वाईट मासा नाही. पण तुमच्या गावापासून शंभर किलोमीटरच्या आत ताजा मासा पाण्याबाहेर येतो आणि तुम्ही समुद्रापलीकडचा गोठवलेला घेता, याचं मला वाईट वाटतं.

बसाप्रेमी
ताई, तुमचं म्हणणं मनाला लागलं. पण नोकरी करून घरी यायला संध्याकाळचे आठ वाजतात, तेव्हा बाजारात काय ताजं उरतं? फ्रीजरमध्ये असलेला बसा म्हणजे माझ्या घरात मासा शिजण्याची एकमेव वाट आहे.

कडकभाकरी
दोघींचंही खरं आहे. बसा वापरणाऱ्यांसाठी: आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात चाळणीत ठेवून सुटू द्या, पाण्यात टाकू नका. त्याच्यावर बर्फाचा थर असतो आणि मांसातही पाणी जास्त. कापडात दाबताना चिलापीच्या दुप्पट वेळ द्या. बसाचा तुकडा लांब असतो, त्यामुळे त्याला आडवी चीर देऊन खिसा करता येतो.

सातरस्ता
अवांतर: मुंबईहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने थर्माकोलच्या पेटीत बर्फात पापलेट आणणारे बरेच लोक आहेत आपल्याकडे. रात्री निघालं की सकाळी सोलापुरात. आमच्या शेजारच्यांकडे अशी पेटी आली की आख्ख्या जिन्याला कळतं.

पेठेतला
कोणत्या सोसायटीत राहता? यायचा विचार आहे. :)

भीमाकाठ
अवांतरावरून आणखी एक. चिलापी मूळची आपली नाही, आफ्रिकेतली. मोझांबिक चिलापी १९५२ साली भारतात आणली. उजनी धरण १९८० साली झालं. आमच्या घरातली जुनी माणसं नदीतल्या वेगळ्याच माशांची नावं सांगतात. आता जाळ्यात चिलापीच जास्त येते, कारण ती काहीही खाते, कुठेही वाढते आणि पिल्लं तोंडात सांभाळते. पूर्वी तिला कमी समजायचे. आता महामार्गावर भिगवणच्या बाजूला लोक खास तिच्यासाठी गाडी थांबवतात. म्हणून ती पाहुण्यांच्या ताटात मुख्य पदार्थ होणार हे वाचून मला फार बरं वाटलं.

ओपीडीनंतर
पिल्लं तोंडात सांभाळते हे माहीत नव्हतं. धन्यवाद ताई.

गॅसवरच
ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी काय करायचं?

ओटीजीवाली
केळीचं पान. गॅसवर धरून मऊ करायचं, आत तेलाचा हात, त्यात भरलेला मासा बांधायचा. जाड तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर एका बाजूने आठ मिनिटं, दुसऱ्या बाजूने आठ. पानात वाफ कोंडते, त्यामुळे भाकरीचा चुरा आत घालू नका, मऊ पडेल. तो वेगळा तेलावर परतून वाढताना वर घाला. करमाळा-माढ्याकडे केळीचे मळे आहेत, पान मिळायला अडचण नाही.

एकरुख
सगळ्यांचे मनापासून आभार. नणंदेशी बोलले. तिचे सासरे म्हणाले मला चीज नको, सासूबाई म्हणाल्या मी खाऊन बघणार! तर चार मासे पालक-पनीर-चीजचे, दोन मालवणकरांच्या वाटणाचे. वर कडक भाकरीचा चुरा. डोक्या-कण्यांचा पुलुसू आणि भात. कांदा-डाळिंबाची कोशिंबीर, शेंगा चटणी बाजूला. पावाचा विचार सोडला, ज्वारीची मऊ भाकरी करते.
@पूर्वभाग, पुलुसूची कृती टाकाल का? चिंच किती?

पूर्वभाग
नक्की. दीड किलो डोकी-कण्यांना मोठ्या लिंबाएवढी चिंच. तेलात मेथीदाणे अगदी थोडे, जळू देऊ नका. मग कांदा, आलं-लसूण, हळद, तिखट, धनेपूड, चिंचेचं पाणी. खळखळून उकळलं की मासा सोडायचा आणि नंतर डाव घालायचा नाही, भांडंच धरून हलवायचं. दहा-बारा मिनिटं. रविवारी सकाळी मासे आले की आधी हाच करून ठेवा.

आजीचा_डबा
भाकरी मात्र गरम गरम वाढ गं. करणारी एक आणि वाढणारी एक लागेल, कुणाला तरी हाताशी घे.

एकरुख
हो आजी, जाऊबाई येणार आहेत. शेवटचा प्रश्न: मासे रात्रीच भरून ठेवले तर चालतील का? आणि पाहुणे उशिरा आले तर?

कडकभाकरी
भरण रात्री करून फ्रीजमध्ये ठेवा, गार भरण उलट चांगलं, आत उशिरा वितळतं. मासा रविवारी सकाळी आणा. लिंबू-मीठ, कोरडा करणं, भरणं, बांधणं अकरापर्यंत उरका आणि ट्रे झाकून फ्रीजमध्ये. आपल्या उन्हात भरलेला कच्चा मासा ओट्यावर ठेवू नका, अर्धा तासही नको. चुरा भाजण्याच्या अगदी आधी लावा. पाहुणे दारात आले, पाणी दिलं की ओटीजी लावायचा. फ्रीजमधून थेट जात असेल तर तीन-चार मिनिटं जास्त धरा. सहा मासे एका ट्रेमध्ये खेटून बसवू नका, वाफ अडकते. दोन खेपा करा, पहिली खेप मुलांना आणि ज्येष्ठांना.

भीमाकाठ
आणि मासेवाल्याला शनिवारीच सांगून ठेवा, "सहाशेच्या वरची, सहा नग, भरायला". भरायला म्हटलं की तो पोट न फाडता दोन्ही बाजू उतरवून देईल. मधली काट्याची पट्टी घरी तुम्हीच काढा, ती दुसऱ्यावर सोडू नका.